हिवाळ्याचा धोका फक्त डोंगरात? एका संदेशाचा प्रतिवाद

थंडी सुरू झाली की एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: हिवाळ्याचा खरा धोका डोंगरात असतो, मैदानी प्रदेशात फार तर गैरसोय होते, पारा शून्याच्या वर असेल तर भीतीचे कारण नाही, डोंगरात मोठ्याने बोलू नये, कारण आवाजाने हिमस्खलन होते, आणि बर्फात गाडी अडकली तर इंजिन चालू ठेवून आतच बसावे, जवळ असल्यास घोटभर मद्य घ्यावे. यातला एकच सल्ला ग्राह्य आहे, तोही अर्धवट.

मैदानाबद्दलचा दावा तर इतिहासानेच खोटा ठरवला आहे. १२ जानेवारी १८८८ रोजी अमेरिकेच्या मध्यवर्ती मैदानांत सकाळची हवा सौम्य होती, म्हणून अनेक जण जाड कपडे न घालताच बाहेर पडले. मग अचानक हिमवादळ आले आणि अंदाजे २३५ माणसे दगावली, ज्यांत शाळेतून घरी निघालेली मुले बरीच होती. ही गोष्ट जुनी वाटत असेल, तर फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधला वीजपुरवठा कोलमडला तेव्हा राज्याच्या अधिकृत मोजणीनुसार २४६ मृत्यू झाले, आणि त्यांतले बहुतेक थंडीनेच झाले. मैदानात वाऱ्याला आडोसा नसतो. नवा हिमवर्षाव नसतानाही तो जमिनीवरचा भुसभुशीत बर्फ उचलतो आणि घरापासून गोठ्यापर्यंत जाणारा माणूस वाट चुकतो. तापमान उणे १० अंश असताना ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल, तर उघड्या त्वचेला उणे २० अंशांइतकी थंडी जाणवते.

शून्याच्या वरचा पाराही अभय देत नाही. शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो, आणि भिजलेल्या, दमलेल्या माणसाच्या बाबतीत हे शून्याच्या बऱ्याच वरच्या तापमानातही घडते, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून घेते. रस्त्याचेही तसेच आहे: निरभ्र रात्री रस्त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षा अधिक थंड होतो, आणि पुलाला वरून व खालून गार हवा लागत असल्याने, अलीकडचा रस्ता नुसता ओला असताना पुलावर मात्र न दिसणारा बर्फाचा पापुद्रा धरलेला असतो.

आवाजाची समजूत सर्वांत चिवट आहे, आणि माझ्या मते सर्वांत घातकही, कारण ती खऱ्या कारणावरून लक्ष उडवते. माणसाच्या ओरडण्याने हिमथरावर पडणारा दाब नगण्य असतो. जीवघेणी हिमस्खलने बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात. तिथे घट्ट थराखाली कमकुवत थर दबलेला असतो आणि त्यावर माणसाचे वजन पडले की वरची लादी एकसंध सुटते. गिर्यारोहक आणि स्कीपटू ज्यांत सापडतात, त्या बहुसंख्य अपघातांत ती लादी त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच सोबत्यांनी सुटी केलेली असते. मैदानात बर्फ उडवणारा वाराच डोंगरात तो वाऱ्याच्या आडच्या उतारावर आणून रचतो, त्यामुळे आभाळ स्वच्छ असतानाही धोका वाढत जातो. तेव्हा गप्प राहून चुकीचा उतार ओलांडणाऱ्याला शांतता वाचवत नाही. गाडला गेलेला माणूस जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या काही मिनिटांनंतर झपाट्याने घटते. म्हणून फावडे, बर्फात खुपसून शोध घेण्याची शोधकाठी आणि गाडलेल्याचा ठाव सांगणारे संकेतयंत्र प्रत्येकाजवळ हवे.

राहिली गाडी. ती सोडून हिमवादळात पायी निघू नये, एवढे खरे. पण इंजिन अखंड चालू ठेवले आणि मागची धूरनळी बर्फाने बुजली, तर रंग-वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड आत साठतो आणि बसलेले लोक झोपेतच मरतात. नळी मोकळी करून तासाला दहाएक मिनिटेच इंजिन चालवावे आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच किंचित उघडी ठेवावी. मद्याने ऊब आल्यासारखे वाटते, कारण त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात. आतली उष्णता मात्र त्याच वाटेने बाहेर जाते आणि कुडकुडणेही मंदावते.