बीट हलतोय म्हणून लॅपटॉप बदलू नका

आपल्याकडं गाणी करणाऱ्या पोरांच्या ग्रुपात सध्या एक मेसेज लई फिरायलाय: 'सिक्वेन्सरमध्ये बीट हलत असेल तर बफर 64 वर आणा, तरी नाही जमलं तर भारी लॅपटॉप घ्या, आणि सगळं 100 टक्के क्वांटाइज करा.' (सिक्वेन्सर म्हणजे ठोके आणि नोटा भरून गाणं बसवायचं सॉफ्टवेअर, क्वांटाइज म्हणजे वाजवलेले ठोके ओढून त्यातल्या ठरलेल्या रेघांवर, म्हणजे ग्रिडवर, बसवणं.) नवरात्राची, जयंतीची गाणी करणारी पोरं हे वाचून हप्त्यावर मशीन घ्यायला निघतात, म्हणून लिहितोय.

बफरचं आधी. बफर म्हणजे कॉम्प्युटर आवाजाचे किती सॅम्पल, म्हणजे बारीक तुकडे, एका वेळी साठवून मग बाहेर सोडतो तो आकडा. 44100 च्या सॅम्पल रेटला, म्हणजे सेकंदाला 44100 तुकडे असताना, 512 चा बफर म्हणजे साधारण 11.6 मिलिसेकंद, 64 चा म्हणजे दीड. पॅड हातानं वाजवताना हा फरक जाणवतो, खरंय. पण जे टाइमलाइनवर भरून ठेवलंय ते प्लगइनमधून, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या वाद्यातून, वाजताना सॉफ्टवेअर सॅम्पल मोजून जागच्या जागी ठेवतं, बफर 64 असो का 1024, दोन ठोक्यांमधलं अंतर तेच राहतं. उलट बफर लई कमी केला की प्रोसेसरला वेळ पुरत नाही, कटकट आवाज येतो आणि मग लोक म्हणतात मशीन कमजोर आहे. वाजवताना कमी ठेवा, मिक्सला वाढवा.

आता लॅपटॉप. बाहेरचा वाजवायचा कीबोर्ड जुन्या पाच पिनांच्या मिडी वायरीवर (कुठली नोट कधी वाजवायची हा निरोप नेणारी वायर) असेल तर तिचा वेगच सेकंदाला 31250 बिट, एका नोटला जवळपास 1 मिलिसेकंद लागतो, म्हणजे एकाच जागी दहा नोटा टाकल्या की शेवटची 9-10 मिलिसेकंद मागं पडणारच, त्याला महागडा लॅपटॉप काय करणार? ठेक्याच्या नोटा आधी जातील असं बघा, नाहीतर दुसरा पोर्ट वापरा. आणि उशीर ठरलेला आहे का कमीजास्त होतोय ते तपासा: सिक्वेन्सरमधून कीबोर्डवर एकच ठोका सारखा वाजवा, त्याचा आवाज रेकॉर्ड करा, झूम करून बघा. प्रत्येक ठोका सारखाच मागं असेल तर ट्रॅक तेवढाच आधी, म्हणजे डावीकडं, सरकवला की झालं. कमीजास्त असेल तर आधी ड्रायव्हर आणि मिडी इंटरफेस (मिडी वायर लॅपटॉपला जोडायची डबी) बघा.

आणखी एक, जे कुणीच बघत नाही. संबळाचं सॅम्पल, म्हणजे इथं रेकॉर्ड केलेला ठोका, उघडून अगदी सुरुवातीला झूम करा. कित्येकदा टिपरू पडायच्या आधी 20-30 मिलिसेकंद नुसती शांतता असते, नोट ग्रिडवर बरोब्बर आणि आवाज मात्र मागून. ती शांतता कापा, अर्धे बीट तिथंच जागेवर येतात.

क्वांटाइजचा सल्ला तर सरळ सरळ नुकसान करणारा आहे. दादऱ्याच्या चालीत बीटचे तीन भाग पडतात, 120 च्या टेम्पोला दुसरा ठोका 167 मिलिसेकंदांवर येतो, पण सोळाव्याच्या ग्रिडवर, म्हणजे बीटचे चार भाग करणाऱ्या रेघांवर, 100 टक्के क्वांटाइज मारलं की तो 125 वर जाऊन बसतो, 42 मिलिसेकंद अलीकडं, म्हणजे वाजवणाऱ्यानं जे बरोबर वाजवलं होतं तेच तुम्ही बिघडवलं! ग्रिड ट्रिपलेटचा, म्हणजे बीटचे तीन भाग करणारा, घ्या, समेचा ठोका पक्का धरा, बाकी हलगीला क्वांटाइजची स्ट्रेंथ (ठोका रेघेकडं किती टक्के ओढायचा ते) 50-60 ठेवून आधी ऐका.