दहा हजार लुमेनचा अंधार

सायकलचा दिवा घ्यायला निघालेल्या माणसाला सर्वांत आधी काय कळतं, तर जगात उजेडाची अजिबात टंचाई नाही. अंगठ्याएवढ्या डबीत 2,000 लुमेन, मुठीएवढ्या डबीत 10,000. आणि गंमत म्हणजे दिवा जितका स्वस्त, तितका आकडा मोठा. महागडे दिवे बिचारे 600 आणि 800 वर लाजून उभे असतात.

माझी मागणी माफक होती. माझा निम्मा रस्ता डांबरी, निम्मा कच्चा: मुरूम, सुटे दगड, झाडांची मुळं. दोन्हीकडे चालेल आणि परवडेल असा एक दिवा हवा होता. सायकलच्या बाबतीत आमच्या घरात भाच्याचा शब्द अखेरचा, म्हणून त्याला विचारलं.

“मामा, बजेट किती?”

मी सांगितलं. तो जरा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “आधी ऑन-रोड की ऑफ-रोड ते ठरव.”

“दोन्ही.”

“मग बजेटही दोन.”

असल्या सल्ल्यानंतर माणूस स्वतःच अभ्यासाला लागतो. मी कागद-पेन्सिल घेऊन त्या 10,000 लुमेनवाल्या डबीपुढे बसलो. आत एकच सेल होता, 18650 जातीचा. हे नाव भारदस्त वाटतं, पण ते निव्वळ माप आहे: 18 मिलिमीटर जाडी, 65 मिलिमीटर लांबी आणि शेवटचं शून्य म्हणजे आकार गोल. या सेलचा व्होल्टेज 3.6 आणि उत्तमातला उत्तम सेल 3,500 एमएएच, म्हणजे साडेतीन अँपिअर-तास क्षमतेच्या आसपासचा. गुणाकार केला की साधारण साडेबारा वॅट-तास. डबीवर मात्र 9,900 एमएएच छापलेलं होतं. छपाईला वीज लागत नाही, त्यामुळे तिथे काटकसर करायचं कारणही नसतं.

आता एलईडी, भिंग आणि आतलं सर्किट यांची वजावट धरली तर एका वॅटमागे शंभरेक लुमेन पदरात पडतात. म्हणजे 1,000 लुमेनना 10 वॅट, सेल चालणार तासाभरापेक्षा थोडा जास्त. इथपर्यंत संसार ठीक. पण 10,000 लुमेनना हवेत 100 वॅट. त्या हिशेबाने सेल साडेसात मिनिटांत संपतो, आणि तेही त्याने तेवढा करंट देण्याचा पराक्रम केला तर. शिवाय त्या 100 वॅटमधला बराच भाग उष्णता होऊन त्याच मुठीएवढ्या डबीत कोंडणार. जाहिरातीत लिहिलं होतं, “8 तास अखंड.” मी तोही हिशेब केला: 800 वॅट-तास, म्हणजे असे 64 सेल. एका सेलचं वजन साधारण 48 ग्रॅम, तेव्हा नुसत्या सेलांचं ओझं तीन किलो. खरं बोलायची वेळ त्या कंपनीवर आली तर दिव्याबरोबर हमालही द्यावा लागेल.

हा हिशेब भाच्याला दाखवला. “हे सगळ्यांना माहीत असतं रे मामा,” तो म्हणाला. सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टी मला नेहमी अशाच, पेन्सिल झिजल्यावर समजतात.

बरं, खोटं बोलत नाहीत त्या कंपन्यांची भाषाही जपून वाचावी लागते. टॉर्चच्या मोजमापाचं अमेरिकेत 2009 साली एक मानक ठरलं, एएनएसआय एफएल-1. त्यात दिवा किती तास चालतो हे मोजतात ते उजेड मूळच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे दहातले नऊ हिस्से उजेड वारला तरी दिवा कागदोपत्री हयात. आणि झोत किती लांब जातो? जिथे पाव लक्स उजेड उरतो तिथपर्यंत. पाव लक्स म्हणजे निरभ्र रात्रीचं पौर्णिमेचं चांदणं. 200 मीटर झोत असं वाचून मी हरखलो होतो. 200 मीटरवर मला मिळणार होतं ते चांदणं, जे आकाश महिन्यातून एकदा चार्जिंगशिवाय देतं.

पण खरी मेख लुमेनमध्ये नाहीच. लुमेन म्हणजे दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडला. तो पडला कुठे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. समोरच्या झाडाच्या शेंड्यावर आणि त्यावर झोपलेल्या कावळ्याच्या पाठीवर पडलेला उजेडही तुमच्याच खात्यात जमा. स्वस्त दिव्यांचा झोत बहुतेक गोल असतो. कच्च्या वाटेवर तो बरा, कारण तिथे डोक्याला लागणारी फांदीही दिसावी लागते. डांबरी रस्त्यावर मात्र तोच गोल झोत समोरून येणाऱ्याच्या थेट डोळ्यांत जातो. मग तो चिडून आपला हाय बीम मारतो आणि उजेडाच्या त्या देवघेवीत खड्डा कुणालाच दिसत नाही. जर्मनीत यावर कायदाच आहे: सायकलच्या दिव्याने समोरच्याचे डोळे दिपता कामा नयेत आणि दिवा लुकलुकवायचा नाही. त्यामुळे तिथल्या नियमाने बनवलेल्या दिव्यांचा झोत वरून सुरीने कापल्यासारखा सपाट असतो, सगळा उजेड रस्त्यावर. असा 400-500 लुमेनचा दिवा अंधाऱ्या डांबरी रस्त्याला पुरून उरतो. ताशी 25 किलोमीटर म्हणजे सेकंदाला सात मीटर. ब्रेकचा विचार धरून पुढचे वीस-पंचवीस मीटर नीट दिसले की झालं. कावळ्याची झोपमोडही टळते. मात्र हाच दिवा रानवाटेवर नेला की कंबरेच्या वरचं जग गायब आणि फांदी कपाळावर येऊन स्वतःची ओळख करून देते.

म्हणजे भाचा बरोबर होता. हे मी त्याला सांगितलेलं नाही.

दोन दिवे घ्यायचे ठरल्यावर दुसरा हेल्मेटवर लावायचा, हेही ओघाने आलं. हँडलचा दिवा बघतो हँडलच्या दिशेला, आणि वळणावर हँडल वळायच्या आधी नजर वळलेली असते. डोक्यावरचा दिवा नजरेबरोबर फिरतो. मग हँडलवरचा कशाला, असं वाटेल. तर डोक्यावरचा उजेड डोळ्यांच्याच रेषेतून पडतो, त्यामुळे दगडाची सावली दगडामागेच लपते आणि खड्डा सारवलेल्या अंगणासारखा सपाट दिसतो. हँडलचा दिवा खालून तिरका पडतो, सावल्या लांबवतो आणि कुठे किती आपटणार याचा अंदाज वेळेत देतो. धुकं किंवा धूळ असेल तर डोक्यावरचा बंदच करावा; नाकासमोर पांढरी भिंत उभी राहते.

आता पट्टा. सगळा विचार लुमेनवर खर्च झालेला असतो आणि दिवा टिकतो रबरी पट्ट्यावर. हँडलची जाडी मध्यभागी बहुधा 31.8 मिलिमीटर, जुन्या सायकलींना 25.4. “सर्व सायकलींना बसेल” असं लिहिलेला पट्टा दोन्हींना बसतो, पण दोन्हींवर फिरतो. डांबरावर हे लक्षातही येत नाही. कच्च्या वाटेवर मात्र प्रत्येक दणक्याला दिवा थोडी थोडी मान टाकत जातो आणि शेवटी पुढच्या चाकाचं बारकाईने निरीक्षण करू लागतो. म्हणून स्क्रूने आवळायचा क्लॅम्प असलेला दिवा घ्यावा, शंभर लुमेन कमी असले तरी. तसेही ते शंभर कमी झालेले डोळ्यांना कळत नाहीत. लुमेन दुप्पट केले तरी उजेड दुप्पट वाटत नाही.

पाण्याचंही पाहिलं. आयपीएक्स-4 म्हणजे कुठूनही शिंतोडे उडाले तरी चालतील, आयपीएक्स-7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. पावसाला पहिला पुरे. अर्धा तास पाण्याखाली सायकल चालवत असेन तर माझी अडचण दिव्याची नसेल. त्या नावातला एक्स मात्र धुळीच्या जागी आहे, म्हणजे धुळीची परीक्षा झालीय की नाही, याबद्दल डबी मौन बाळगते. मागचा लाल दिवा मी फार न निवडता घेतला. रात्री त्याला थोडे लुमेनही पुरतात. तो सरळ मागे बघतोय आणि चिखलाने लिंपलेला नाही, एवढं पाहिलं की झालं.

एकच गोष्ट कुठल्याच तक्त्यात लिहिलेली नसते: बटण. स्वस्त दिव्याला बटण एक आणि कामं चार. हेल्मेटच्या माझ्या दिव्याचा क्रम असा: मंद, प्रखर, लुकलुक, मग एसओएस, आणि फिरून मंद. म्हणजे प्रखरवरून मंदवर यायचं तर वाटेत आधी डिस्को आणि मग बुडत्या जहाजाचा संदेश पार करावा लागतो. तेही हातमोजा घालून, डोक्यावर चाचपडत.

परवा रानवाटेवर समोरून एक आजोबा काठी टेकत आले. त्यांच्या तोंडावर झोत पडला, त्यांनी कपाळाशी हात धरला. मी सायकल थांबवून घाईघाईने बटण दाबायला लागलो. लुकलुक झाली, एसओएस सुरू झालं. गडबडीत एकदा जास्त दाबलं गेलं, मंद निसटलं आणि पुन्हा प्रखर.

“काही मदत हवी का?” आजोबांनी विचारलं.

“नाही नाही, काका, सगळं ठीक आहे,” असं म्हणत मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा लुकलुक.

“मग मघापासून खुणा कुणाला करताय?” ते म्हणाले, आणि त्यांनी मागे वळून पाहिलं.