लँडलाइनवर फोन लावणं म्हणजे चैन नव्हे

"मॅडम, हल्ली पैसे देऊन कोण कॉल करतं? त्यांना ॲप डाउनलोड करायला सांगा ना."

आज दुसऱ्या देशातल्या फोनवर कॉल लावून देणाऱ्या एका कंपनीच्या कस्टमर केअरवाल्याने मला हे ऐकवलं. मी तक्रार काय केली होती, तर माझ्या खात्यातले पैसे गेले. काही महिने तिथून कॉल केला नाही म्हणून शिल्लक रद्द, नियमांत लिहिलंय म्हणे. पैसे माझे, भरलेले आगाऊ, आणि वापरले नाहीत म्हणून गिळले. त्यावर हा सल्ला. आणि "त्यांना" म्हणजे कोणाला? माझ्या आईला. ऐंशी कधीच ओलांडलीय तिने, आणि मॅक्युलर डीजनरेशनमुळे नजरेचा मधला भाग गेलाय.

सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय. लांबेल.

ज्यांच्या घरात हा आजार नाही त्यांना सांगते. माणूस पूर्ण आंधळा होत नाही. कडेकडेचं दिसत राहतं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलेलं असतं. समोरच्याचा चेहरा, पेपरातला शब्द, स्क्रीनवरचं बटण, सगळं गेलं. आईकडे साधा बटणांचा लँडलाइन फोन आहे. त्यातल्या पाचाच्या बटणावर एक बारीकसा उंचवटा असतो, आपल्यापैकी बऱ्याच जणांचं त्याच्याकडे आयुष्यात लक्ष गेलं नसेल. आई बोटाने आधी तो शोधते. तिथून वर दोन, खाली आठ, डावीकडे चार, उजवीकडे सहा. हळूहळू, पण एकही आकडा न चुकता, कोणाला हाक न मारता ती फोन लावते. तिच्या दिवसातल्या फार थोड्या गोष्टी आता अशा उरल्यात.

बहिणीच्या मुलाने तिला टॅबलेट आणून दिला होता. मोठा स्क्रीन, मोठी अक्षरं, पोराने मनापासून केलं सगळं. मी इथून व्हिडिओ कॉल लावला. तिच्या हातात तो वाजतोय, आणि तिच्यासाठी तो फक्त एक उजळ, धूसर चौकोन. वर सरकवायचं की दाबायचं, दाबायचं तर कुठे? वाजून वाजून बंद पडला. मी परत लावला, परत तेच. शेवटी लँडलाइनवर केला, तर पहिल्या रिंगलाच उचलला तिने. म्हणाली, "अगं, तू बाहेरून हाका मारत होतीस आणि मला दारच सापडेना."

आता मला सांगा, या बाईला मी ॲप डाउनलोड करायला सांगू?

मान्य, ॲप नसती तर आपल्यातल्या निम्म्या जणांनी आपली नातवंडं बोलायला लागलेली ऐकलीच नसती. मीही बहिणीशी रोज व्हॉट्सॲपवरच बोलते. पण ज्याला जमतं त्याच्यासाठी फुकट आणि ज्याला जमत नाही त्याच्यासाठी मिनिटामिनिटाला मीटर, हा कुठला न्याय?

आणि कृपा करून "आंतरराष्ट्रीय कॉल महागच असतो" हे मला कोणी सांगू नका. होता महाग, एके काळी. 1927 मध्ये न्यूयॉर्क-लंडन टेलिफोन सेवा सुरू झाली तेव्हा पहिल्या तीन मिनिटांना 75 डॉलर पडायचे, तेही रेडिओलहरींवर, आवाज येईल न येईल. 1956 मध्ये अटलांटिकखालून पहिली टेलिफोन केबल टाकली. तिच्यात सुरुवातीला एका वेळी चाळीससुद्धा संभाषणं मावत नव्हती. अशा वेळी मिनिटाचे पैसे घेतले, ठीक आहे, समजू शकते. पण 1988 मध्ये त्याच समुद्रातून पहिली फायबर केबल गेली आणि तिच्यात सुमारे 40,000 संभाषणं एकदम जाऊ लागली. त्यानंतरच्या केबलींपुढे तीही किरकोळ. फोनवरच्या आवाजाला सेकंदाला 64 किलोबिट म्हणजे भरपूर झाले, एचडी सिनेमा बघायला त्याच्या कितीतरी पट लागतात. सिनेमा रात्रभर चालला तरी कोणी मिनिटं मोजत नाही. आईचा आवाज मात्र मोजून विकायचा!

मग पैसे जातात कुठे? मी यात बरंच डोकं घातलंय, नाइलाजाने. आपण परदेशातल्या नंबरवर फोन लावतो तेव्हा तिकडची कंपनी तो कॉल आपल्या जाळ्यात घेऊन त्या माणसापर्यंत पोचवायचे दर मिनिटाला पैसे घेते. टर्मिनेशन चार्ज म्हणतात त्याला. काही देशांत तो नगण्य असतो, काही देशांत चढा, आणि कितीतरी ठिकाणी मोबाइलचा लँडलाइनपेक्षा जास्त. म्हणून एका देशात बोलणं जवळपास फुकट आणि दुसऱ्या देशात खिशाला चाट. अंतराचा याच्याशी फारसा संबंध राहिलेला नाही. त्यावर आपली कंपनी आपला नफा लावते. आणि पॅक न घेता साध्या मोबाइलवरून सरळ नंबर फिरवलात तर बहुतेक वेळा सगळ्यात जास्त लुटते, कारण असा फोन माणूस घाईत, काळजीत, काहीतरी झालंय म्हणून करतो.

हे वाक्य लिहिताना परत राग आला. अडलेल्या माणसाकडूनच जास्त घ्यायचं.

स्काइप आठवतंय ना? 2003 मध्ये आलं आणि पुढे त्याच्यावरून परदेशातल्या साध्या फोनवरही अगदी थोडक्यात बोलता यायला लागलं. मला त्यातलं हेच सगळ्यात मोठं वाटतं, व्हिडिओ नाही. समोरच्याकडे काही म्हणजे काहीच असायला नको होतं. कॉम्प्युटर नको, इंटरनेट नको, शिकणं नको. फक्त वाजणारा फोन. जगभरातल्या किती म्हाताऱ्या माणसांना कळलंही नसेल की पोरगा इंटरनेटवरून बोलतोय. 2025 च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने ते बंद केलं. तेव्हा सगळीकडे "आमच्या कॉलेजच्या आठवणी" वगैरे पोस्टी फिरल्या. लँडलाइनवाल्यांचं काय होणार, हे कोणी विचारलेलं माझ्या तरी वाचनात आलं नाही. पर्याय आहेत अजून, मी वापरतेही. पण शोधावे लागतात, आणि प्रत्येकाच्या दरपत्रकात खाचाखोचा.

बरं, नुसती म्हाताऱ्यांचीच गोष्ट आहे असंही नाही. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपवरचे कॉल वर्षानुवर्षं अडवलेले आहेत, परवाना असलेली ॲप वापरा म्हणतात. तिथे उन्हातान्हात बांधकामावर राबणाऱ्या माणसाला कोणी विचारलं का, की बाबा, तुझ्या लेकराशी बोलायला तुला काय परवडतं? त्याच्याच मेहनतीवर इमारती उभ्या राहतात. घरी पैसे पाठवतानाही कमिशन द्यायचं आणि घरच्यांचा आवाज ऐकायलाही द्यायचं.

कंपन्या धर्मादाय चालत नाहीत, हेही ऐकून झालंय. नसतील. पण युरोपियन युनियनने मे 2019 पासून आपल्या एका देशातून दुसऱ्या देशात केलेल्या कॉलवर मिनिटाला 19 युरो सेंटची कमाल मर्यादा घातली, वर कर. 19 सेंट काही कमी नाहीत माझ्या मते, पण मर्यादा घातली. कंपन्या बुडाल्या नाहीत. म्हणजे मनात आणलं तर होतं.

आईला यातलं काही माहीत नाही. तिला एवढंच माहीत की परदेशातला फोन महाग असतो. म्हणून फोन उचलला की ती आधी तब्येतीचं सांगून टाकते, मग कोण येऊन गेलं ते, सगळं भराभरा, एका दमात, जणू कोणीतरी मध्येच तोडणार आहे. मी म्हणते, आई, सावकाश, हा कॉल स्वस्त आहे. मग जरा वेळाने तिचा आवाज सैल होतो. लहानपणीचं काहीतरी निघतं, मला कधीच न सांगितलेलं. हे दहाव्या-पंधराव्या मिनिटानंतर येतं, हो, त्याआधी कधीच नाही. तीन मिनिटांच्या फोनमध्ये माणसं फक्त बातम्या देतात. त्या टॅबलेटच्या दिवशी, दार सापडेना म्हणाली त्या दिवशी, आम्ही मग लँडलाइनवर कितीतरी वेळ बोललो, आणि तिच्या आजीने तिला पोहायला कसं शिकवलं ते मी पहिल्यांदा ऐकलं. बोलणं संपल्यावर ती रिसीव्हर ठेवायला जागा चाचपते, तो कडेला एकदा-दोनदा आपटतो आणि मग बसतो. मी तोवर फोन कापत नाही.

माझं मागणं काही फार नाही. कॉल लागायच्या आधी दर सांगा. लँडलाइनचा वेगळा, मोबाइलचा वेगळा, कनेक्शन फी असेल तर तीही. बोललेल्या सेकंदांचे पैसे घ्या, पाच सेकंद जास्त झाले म्हणून आख्खं मिनिट लावू नका. आणि भरलेले पैसे मुदतीच्या नावाखाली खाऊ नका. जे आपल्या माणसाला रोज फोन करू शकत नाहीत त्यांच्याकडूनच या मुदतीपायी पैसे वसूल होतात, आणि ते बहुतेक कमी पगाराचे नाहीतर दोन-दोन शिफ्ट करणारे असतात.

आता कामाचं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचे आईवडील, मावशी-आत्या, काका असेच लांब आहेत आणि त्यातल्या कितीतरी जणांना स्मार्टफोन झेपत नाही, हे मला माहीत आहे. तुम्ही त्यांच्या साध्या फोनवर कसं बोलता? कंपनीचा इंटरनॅशनल पॅक घेतलाय, ॲपमधून लँडलाइनवर कॉल जातो, की स्थानिक नंबर फिरवून पुढे जोडणारी एखादी सेवा आहे? आवाज कसा येतो, पैसे किती दिवस टिकतात, आणि त्यांच्याकडे तुमचा नंबर दिसतो का? हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण अनोळखी नंबर उचलू नका असं आपणच त्यांना बजावून ठेवलंय. देशाचं नाव घालून लिहा, म्हणजे दुसऱ्यालाही उपयोग होईल. मी सगळं एकत्र करून रविवारी परत टाकते.

त्या कंपनीला लेखी तक्रार पाठवलीय. उत्तर आलं की तेही टाकेन.