प्री-सेटल्ड स्टेटसबद्दल फिरणारा मेसेज चुकीचा आहे

पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला आलेल्या आपल्या गोवेकरांच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: 'प्री-सेटल्डची ५ वर्षं संपली की हक्क गेला, देश सोडा.' हे खरं नाही. (प्री-सेटल्ड म्हणजे ब्रेक्झिटनंतर युरोपियन युनियनच्या नागरिकांना ब्रिटनमध्ये राहायला मिळालेला ५ वर्षांचा तात्पुरता हक्क.) केवळ पुन्हा अर्ज केला नाही म्हणून राहण्याचा हक्क काढून घेणं बेकायदा आहे, असा निकाल लंडनच्या हायकोर्टाने डिसेंबर २०२२ मध्ये दिला. सप्टेंबर २०२३ पासून होम ऑफिस (ब्रिटनचं गृहखातं) मुदत संपण्याआधी ती आपोआप वाढवतं. आधी ही वाढ २ वर्षांची होती, पुढे ती ५ वर्षांची केली.

तरी सलग ५ वर्षं इथे झाली असतील तर सेटल्डसाठी, म्हणजे कायम राहण्याच्या हक्कासाठी, अर्ज कराच. त्याला फी नाही, मग एजंटला पैसे कशाला? पासपोर्ट नवा काढलाय? त्याचा नंबर होम ऑफिसच्या ऑनलाइन खात्यात घाला, नाहीतर विमानतळावर खोळंबा होतो.

माणसं घाबरलीत. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.