पोकेमॉन म्हणजे धिरयो नव्हे

गेले काही दिवस आमच्या फॅमिली ग्रुपवर, मग सोसायटीच्या, मग पालकांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं की पोकेमॉन हा जपानी व्हिडिओ गेम म्हणजे लहान मुलांसाठी बनवलेला धिरयो (आपल्या गोव्यातली बैलांची झुंज) आहे, मुक्या जिवांना पकडायचं, गोळ्यात कोंडायचं, आपल्या हुकमावर झुंजवायचं, आणि असले गेम खेळून मोठी झालेली मुलं उद्या खऱ्या जनावरांशीही तसंच वागणार, म्हणून आजच डिलीट करा, आणि सोबत कारखान्यात राबणाऱ्या प्राण्यांचा एक फोटो. काकांनी तो मला वेगळा पण पाठवला, कारण माझा नऊ वर्षांचा भाचा मे महिन्याच्या सुट्टीत आमच्याकडे डिचोलीला असतो आणि दिवसभर तेच खेळतो. मी स्वतः वीसेक वर्षं हे गेम खेळतेय आणि धिरयोवरून घरात भांडणारी पण मीच, त्यामुळे या दोन गोष्टी कोणी एका वाक्यात बांधल्या की मला गप्प बसवत नाही.

आधी तो फोटो. तो पोकेमॉनचा नाहीच! कारखान्यात राबणारे ते प्राणी पालवर्ल्डमधले आहेत, जानेवारी २०२४ मध्ये आलेला, दुसऱ्याच जपानी कंपनीचा गेम. तिथे पकडलेल्या प्राण्याला कामाला जुंपता येतं, उपाशी ठेवता येतं, सुरा घेऊन कापता येतं, माणसं पण पकडता येतात. त्यावर तक्रार करायची असेल तर खुशाल करा, मी पण तुमच्याबरोबर येते. पण फोटो एकाचा आणि शिव्या दुसऱ्याला हे बरोबर नाही.

मग मेसेजमधला पहिला मुद्दा, "त्यांना स्वतःची मर्जीच नसते". हे लिहिणाऱ्याने गेम उघडून बघितलेला नाही असं मला स्पष्ट वाटतं. १९९८ चा पिवळा गेम घ्या, त्यात पिकाचू नावाचा पोकेमॉन बॉलमध्ये, म्हणजे त्या गोळ्यात, जातच नाही, तुमच्या मागून चालत राहतो, आणि त्याला थंडर स्टोन नावाचा दगड देऊन त्याचं रूप बदलायला गेलात तर तो चक्क नाही म्हणतो. तुम्ही कितीही वेळा द्या, नाही म्हणजे नाही. दुसऱ्याकडून ट्रेड करून घेतलेला पोकेमॉन तुमच्यापेक्षा भारी असेल आणि तुम्ही गेममध्ये तेवढे बॅज जिंकलेले नसतील तर तो ऐकत नाही, भलताच वार करतो, नाहीतर सरळ झोपून जातो. १९९९ च्या गोल्ड-सिल्व्हरपासून तर मैत्रीचा हिशोबच आला, गोलबॅट नावाच्या पोकेमॉनचा क्रोबॅट तेव्हाच होतो जेव्हा त्याला तुम्ही आवडायला लागता, आणि कडू औषध पाजलंत किंवा त्याला बेशुद्ध पडू दिलंत की ती मैत्री कमी होते. बेशुद्ध म्हणतेय, मेलेला नाही. मग पोकेमॉन सेंटरला, म्हणजे त्यांच्या दवाखान्यात न्यायचं, तिथे पैसे पण घेत नाहीत.

आता इथे कोणी म्हणेल, आणि म्हणायलाच हवं, की अगं ही मर्जी पण गेम बनवणाऱ्यांनीच लिहिलीय ना, पकडलेल्याला पकडणारा आवडतो असं दाखवणं किती सोयीचं! आणि धिरयोवाले तरी दुसरं काय सांगतात, बैलाला पोटच्या पोरासारखा वाढवतो, त्याला झुंज आवडते, तोच उतावीळ असतो. हा आक्षेप मला पटतो. म्हणूनच मी "पोकेमॉनला आवडतं म्हणून ते ठीक" असं म्हणत नाहीये. मी म्हणतेय की तिथे दुखणारं कोणी नाही आणि इथे आहे.

मी धिरयो बघितलाय. आठ-नऊ वर्षांची होते, सासष्टीत एका नातेवाइकांकडे गेलो होतो, भात कापून झालेल्या शेतात सकाळी सकाळी ही गर्दी. दोन बैलांची शिंगं एकमेकांत अडकतात आणि एक पाठ फिरवून पळेपर्यंत ते चालतं, एवढाच नियम, आणि बाजूला पैजा. जो पळाला त्याला नंतर आंब्याखाली बांधलेला बघितला. शिंगाच्या मुळाशी कातडी फाटून लोंबत होती, कोणीतरी त्यावर मूठभर हळद दाबली होती आणि ती ओली होऊन खाली गळत होती, आणि तो बैल अजिबात हलत नव्हता, फक्त पोटाची कातडी थरथरत होती. १९९६ च्या शेवटी हायकोर्टाने धिरयोवर बंदी घातली, तरी ते लपूनछपून चालूच आहेत, आणि कायदेशीर करा ही मागणी विधानसभेपर्यंत जाते. तो बैल पळाला हाच त्याचा नकार होता, तो हार म्हणून मोजला गेला. याची बरोबरी स्क्रीनवरच्या पिकाचूशी केली की पिकाचूचं काही बिघडत नाही हो, पण बैलाचं दुखणं हलकं होतं, माझा खरा राग त्यावर आहे.

दुसरा मुद्दा, की बनवणाऱ्यांना प्राण्यांची काही पडलेली नाही. पोकेमॉन बनवणारा सातोशी ताजिरी टोकियोजवळच्या माचिदात वाढला, लहानपणी किड्यांच्या मागे एवढा असायचा की पोरं त्याला डॉक्टर बग म्हणायची. मग शहर वाढलं, तळी बुजली, किडे गेले. तो आनंद आताच्या मुलांना पण मिळावा म्हणून त्याने जो गेम केला तो २७ फेब्रुवारी १९९६ ला गेम बॉयवर आला. आपल्याकडे शेतं भरून प्लॉट पाडतायत ते बघणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगायची गरज नसावी.

आणि "गेममध्ये हा प्रश्न कोणी विचारतच नाही" हे तर साफ खोटं. २०१० च्या ब्लॅक-व्हाइटची सगळी गोष्टच ती आहे. एन नावाचा मुलगा, माणसांनी छळलेल्या पोकेमॉनबरोबर वाढलेला, त्याला त्यांचं बोलणं समजतं, आणि तो भेटेल त्याला विचारतो की यांना सोडून का देत नाही. शेवटी तो कबूल करतो की पहिल्याच भेटीत तुझा पोकेमॉन म्हणाला होता की त्याला तू आवडतोस, तुझ्याबरोबर राहायचंय, आणि तेव्हापासून मी गोंधळलो. ते वाचताना माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं. पण एक तक्रार आहे, मुक्ती मुक्ती ओरडणारा म्होरक्या गेत्सिस शेवटी लबाड निघतो, सगळ्यांनी पोकेमॉन सोडावेत आणि फक्त आपल्याकडे राहावेत असा त्याचा डाव असतो, म्हणजे एनच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायच्या ऐवजी विचारणाऱ्यांनाच बदनाम केलं. पेटा या प्राणीहक्क संघटनेने २०१२ मध्ये, पोकेमॉन मालकांवर उलटतात असा नकली गेम काढून टीका केली होती, त्यापेक्षा एनचे संवाद किती तरी जास्त टोचतात.

पकडायच्या आधी मारून कमजोर करायचं, हा मुद्दा मात्र मी मान्य करते, ते मला पण खटकतं. पोकेमॉन गो या मोबाइल गेममधे आणि २०१८ च्या लेट्स गोमधे रानातल्या पोकेमॉनला न मारता पकडता येतं, म्हणजे बनवणाऱ्यांना पण दुसरी वाट सुचली होती.

पण मेसेजवाल्यांचं सगळं लक्ष झुंजीवर, आणि खरी गडबड आहे साठवण्यात, त्याबद्दल त्यांनी एक ओळ लिहिली नाही. पहिल्या गेममध्ये १५१ होते, आता हजाराच्या वर आहेत, आणि सांगतात सगळे पकडा. बरोबर घेता येतात सहाच. बाकीचे कॉम्प्युटरच्या बॉक्समध्ये, पहिल्याच गेममध्ये त्यांत २४० जीव मावायचे, आणि ज्यांना पकडताना आपण नाव ठेवलं ते परत बाहेर येतच नाहीत. गोमधे जास्तीचे प्रोफेसरला पाठवून द्यायचे, बदल्यात एक कँडी. पहिल्या गेममध्ये तर कॅसिनोत ९९९९ कॉइन भरून पोरिगॉन नावाचा पोकेमॉन बक्षीस म्हणून मिळायचा, मांडवीतल्या त्या कॅसिनोच्या बोटी रोज बघणाऱ्या आपल्याला तरी हे टोचायला हवं होतं. मुलांना शिकवण्यासारखं काही असेल तर हे, की आवडलं म्हणून घरी आणायचं आणि मग विसरायचं हे वाईट. आपल्याकडे व्हरांड्यात पोपटाचे पिंजरे अजून दिसतात, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे तरी, आणि त्या घरातल्या कोणी पोकेमॉनचं नाव पण ऐकलेलं नसतं.

राहता राहिलं ते "मुलं तशीच होतात". गेल्या आठवड्यात रात्री लाइट गेली, मागच्या फणसावर काजवे होते, भाच्याने एक पकडून रिकाम्या लोणच्याच्या बरणीत टाकला आणि पळत मला दाखवायला आला, पकडला पकडला करत. मेसेज खरा वाटावा असाच प्रसंग. मी पण त्याच्या वयाची असताना काडेपेटीत सोनकिडा ठेवलाय आणि तो सकाळी मेलेला बघितलाय, तेव्हा आमच्याकडे कुठला गेम होता? मी त्याला एवढंच विचारलं की हा थकला तर याला कुठे नेणार, डिचोलीत पोकेमॉन सेंटर आहे का. तो बराच वेळ बरणीकडे बघत राहिला. मग म्हणाला, मावशी, याला नाव ठेवलं नाहीये अजून, तर सोडला तर चालेल ना. झाकण घट्ट बसलं होतं, ते मी उघडून दिलं.

काकांना मी हे सगळं पाठवलंय. ते धिरयोला अजून जातात, म्हणून त्यांना विचारलंय की पुढच्या वेळी भाच्याला पण नेणार का, आणि नेलंत तर मॅच संपल्यावर पळालेला बैल त्याला जवळून दाखवणार का. अजून उत्तर आलेलं नाही.