लंडन फुकटात बघायचं तर
लंडन कमी खर्चात कसं बघावं यावर एक लेख वाचला. त्यात ब्रिटिश म्युझियम, हाइड पार्क वगैरे फुकट ठिकाणं दिलीत, ते ठीकच. पण वेस्टमिन्स्टर ॲबी या जुन्या चर्चचं महागडं तिकीट काढायला सांगितलंय, तिथे जरा थांबा! संध्याकाळच्या इव्हनसाँग प्रार्थनेला कोणालाही मोफत बसता येतं. सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्येही तसंच. हिंडता येत नाही, फोटोही काढायचे नसतात, पण त्या उंच छताखाली गायकवृंद ऐकायला मिळतो. मला तरी तिकीट काढून फिरण्यापेक्षा हेच जास्त भावलं. फक्त वेळ वेबसाइटवर बघून जा, रोजची सारखी नसते.

उंचावरून शहर बघायला स्काय गार्डन, म्हणजे एका उंच इमारतीच्या माथ्यावरची बाग, मोफत आहे. आगाऊ बुकिंग करा, जागा भराभर संपतात.

सायन्स म्युझियम आणि नॅचरल हिस्टरी म्युझियम २००१ पासून सगळ्यांना मोफत आहेत (खास प्रदर्शनांना तिकीट लागतं, ते सोडा). त्यामुळे एकाच दिवसात सगळं उरकायची घाई कशाला? पाऊस आला की शिरायचं, दोन दालनं निवांत बघायची, निघायचं. आणि वेस्टमिन्स्टर पुलापासून टेट मॉडर्न या आधुनिक कलेच्या संग्रहालयाला ट्यूबने (भुयारी रेल्वेने) जाऊ नका, थेम्सच्या दक्षिण काठाने चालत जा.