‘घरात कॅन्सर पाहिला असता तर…’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकन मालिकेवरच्या माझ्या लेखाखाली परवा एक प्रतिक्रिया आली. लिहिणाऱ्याने नाव दिलेलं नाही. मालिकेचा नायक वॉल्टर व्हाइट हा रसायनशास्त्राचा मास्तर, कॅन्सर निघाल्यावर मेथ हा अमली पदार्थ बनवायला लागतो. म्हणणं असं, की त्याला मी अहंकारी ठरवलं हा अन्याय आहे, त्या बिचाऱ्या मास्तरला परिस्थितीने ढकललं. त्याच्या बायकोने, स्कायलरने, साथ द्यायची सोडून छळ मांडला. मेथच्या धंद्यातला त्याचा जोडीदार जेसी, त्याच्यावर लेखात दोनच ओळी आहेत. आणि लेख लांबला आहे. मध्येच हे वाक्य: ‘मुंबईत एसीत बसून नीतिमत्ता शिकवणं सोपं असतं, घरात कॅन्सर पाहिला असता तर तुम्ही असं लिहिलं नसतं.’

जेसीवर कमी लिहिलं, हे मान्य. त्याच्यावर स्वतंत्रच लिहायला हवं. लांबीचं म्हणाल तर २००८ ते २०१३ अशी पाच सीझन चाललेली, ६२ भागांची मालिका चार परिच्छेदांत उरकता येत नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी वाचू नये.

आता त्या वाक्याकडे येतो. मत पटलं नाही तर लेखाच्या चिंध्या करा, माझी हरकत नाही. पण ज्या माणसाला तुम्ही कधी भेटला नाहीत, त्याच्या घरात काय घडलं आणि काय नाही, हे तुम्ही कोणत्या अधिकाराने ठरवता? नाव लपवून दुसऱ्याच्या घरातलं आजारपण मोजायला बसायचं, ही कुठली रीत झाली? हे मी रागानेच लिहितोय आणि तो राग लपवायची मला गरज वाटत नाही.

माझे वडील लालबागला गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. त्यानंतर आमच्या चाळीत काय काय झालं ते सांगायला हा लेख पुरणार नाही. एवढंच सांगतो, की मटक्याच्या अड्ड्यावर आकडे लिहायला बसा म्हणून बाबांना विचारणारे घरी येऊन गेले. चाळीतले काही जण गेलेही. त्यांना मी नावं ठेवत नाही, उपाशी पोरं समोर असताना माणूस काय करेल ते बाहेरच्याने सांगू नये. बाबा गेले नाहीत. मिळेल ते काम करत राहिले.

पुढे काही वर्षांनी त्यांना घशाचा कॅन्सर निघाला. परळच्या टाटाच्या फेऱ्या मला पाठ आहेत. बाहेर फुटपाथवर गावाकडून आलेली कुटुंबं स्टोव्ह मांडून बसलेली असत, त्यांच्यातून वाट काढत आम्ही जायचो. पैसे संपले. आणि जवळ पैसे असलेला माणूस एकच होता, बाबांचा चुलतभाऊ. त्याला बाबांनीच कुडाळहून मुंबईला आणलं, आमच्या खोलीत ठेवलं, स्वतःच्या पगारातून शिकवलं. नंतर गावच्या आंब्याच्या कलमांवरून भाऊबंदकी झाली आणि बोलणं तुटलं. त्याचा धंदा वाढला, आमची गिरणी बंद पडली. काकाला कळलं तेव्हा तो स्वतःहून आला आणि ‘खर्चाचं माझ्यावर सोडा’ म्हणाला. बाबा कितीतरी वेळ भिंतीकडे तोंड करून पडून होते. मग त्यांनी मला काकाला चहा द्यायला सांगितलं आणि पैसे घेतले.

आता पहिल्या सीझनचा पाचवा भाग आठवा. एलियट हा वॉल्टरचा जुना भागीदार. ज्या कंपनीची सुरुवात दोघांनी मिळून केली, तिच्यातला आपला हिस्सा वॉल्टरने पाच हजार डॉलरला देऊन टाकला होता. तोच एलियट त्याला नोकरी देऊ करतो, विम्यासकट. पुढे एलियटची बायको ग्रेचेन फोन करून उपचारांचा सगळा खर्च उचलायला तयार होते. वॉल्टर नाही म्हणतो आणि पुन्हा मेथ बनवायला जेसीच्या दारात उभा राहतो. वर घरी सांगतो, की पैसे एलियट आणि ग्रेचेनच देताहेत.

तुमची ‘परिस्थिती’ इथे कुठे राहिली? पहिले तीन-चार भाग तो भेदरलेला आहे, तिथवर तुमचं म्हणणं चालेल. पाचव्या भागात दार उघडं आहे आणि तो ते स्वतःच्या हाताने लावून घेतो. दुसऱ्या सीझनमध्ये आजार मागे हटल्याचं कळतं तेव्हा घरचे आनंदाने रडतात आणि हा टॉयलेटमध्ये जाऊन हात पुसायच्या कागदाच्या पेटीवर ठोसे मारत सुटतो. पाचव्या सीझनमध्ये जेसीला सांगतो, की त्या कंपनीची किंमत आज २१६ कोटी डॉलर आहे आणि ती तो दर आठवड्याला बघतो. कुटुंबासाठी राबणारा माणूस दर आठवड्याला हे बघतो? त्याला पैसा हवाय, पण एलियटच्या हातून नको. माझ्या बापाने गिळलं ते त्याला गिळता आलं नाही आणि त्यापायी किती माणसं मेली ते तुम्हीही पाहिलंय.

म्हणून मला त्याची कणव येत नाही. घरात आजारपण पाहिलं नाही म्हणून नव्हे, पाहिलं म्हणून.

स्कायलरने मांडलेल्या छळाबद्दल मी वाद घालणार नाही. नवरा दोन मोबाइल बाळगतो, रात्र-रात्र गायब असतो, विचारलं की खोटं बोलतो, आणि बाई गरोदर आहे. तिने काय आरती ओवाळायची होती? ती भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गनला लोकांच्या या द्वेषावर २०१३मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहावा लागला. तुम्ही त्यातच भर घातलीत.

राहता राहिलं त्याला परिस्थितीने ढकलल्याचं. शेवटच्या भागात वॉल्टर स्कायलरसमोर उभा राहून स्वतः कबूल करतो, की हे त्याने स्वतःसाठी केलं, त्याला ते आवडत होतं. त्याने जे स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय, ते त्याच्या वतीने नाकारायला तुम्ही निघालात. तो भाग पुन्हा बघा. मग वाटलं तर अवश्य लिहा, फक्त या वेळी खाली नाव घाला.